नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर

सुरत–धुळे महामार्गावरील विसरवाडी हे नवापूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. पश्चिमेस नवापूर आणि त्यापुढे गुजरातची सीमा, उत्तरेस खांडबाऱ्यावरून नंदुरबारकडे जाणारा रस्ता, पूर्वेस कोंडाईबारीचा घाट चढून दहिवेल, साक्री व धुळे. अशा ठिकाणी दुकान मांडून बसलेल्या कुटुंबाच्या व्यवसायाचा अर्धा भार गादीवर, तर अर्धा चाकांवर असतो. धान्य, किराणा, कापड, लोखंडी सामान, बी-बियाणे यांतील काहीही रस्त्यावाचून दुकानात येत नाही आणि रस्त्यावाचून गिऱ्हाइकाच्या पाड्यावर पोहोचत नाही.

अशा घरी नवी पिकअप येते त्या दिवसाचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. दसरा, धनत्रयोदशी किंवा अक्षय तृतीया असा चांगला दिवस पाहिलेला असतो. बॉनेटवर कुंकवाचा साथिया काढला जातो, नवकार मंत्र म्हटला जातो, घरातील वडीलधारे चालकाच्या हाती किल्ली देतात आणि पेढे वाटले जातात. हा सोहळा आटोपतो न आटोपतो तोच दुकानातून हाक येते, की धुळ्याचा माल उद्याच भरायचा आहे. कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होणार असल्याने उभी गाडी म्हणजे बुडालेले व्याज, असा व्यापारी मनाचा सरळ हिशेब असतो. दुसऱ्याच दिवशी ती गाडी काठोकाठ भरून कोंडाईबारीचा चढ चढू लागते.

या हिशेबात एक रक्कम धरायची राहून गेलेली असते. ती गाडीच्या पुढील आयुष्याची असते, आणि कधी कधी त्याहूनही मोठी असते.

इंजिनाच्या आत काय घडते

कारखान्यातून बाहेर पडलेले इंजिन पूर्ण तयार असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बहुतांशी खरा असला तरी शेवटचा हात फिरायचा राहिलेला असतो आणि तो गाडी चालवणाऱ्याच्या पायाने फिरतो.

सिलिंडरच्या आतील भिंत हाताला गुळगुळीत लागते, पण भिंगातून पाहिल्यास तिच्यावर एकमेकांना तिरप्या छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. ही जाळी कारखान्यात मुद्दाम कोरलेली असते. या रेघांच्या खाचांत तेल साठून राहते आणि पिस्टन वर-खाली होताना त्याला वंगण पुरवते. खाचांच्या मधले सूक्ष्म उंचवटे मात्र सुरुवातीस खरखरीत असतात. पिस्टनभोवती बसवलेल्या पोलादी वा बिडाच्या रिंगा या उंचवट्यांवर घासत राहतात. त्यांची टोके झिजून सपाट होतात आणि रिंग व भिंत एकमेकींच्या आकाराला येतात. मेकॅनिक ज्याला इंजिन ‘मोकळे होणे’ किंवा ‘सेट होणे’ म्हणतात, ती हीच क्रिया.

ही जुळणी नीट झाली की जळणाऱ्या इंधनाचा वायू पिस्टनच्या वरच राहतो आणि तेल खालीच राहते. ती बिघडली, तर वायू रिंगांच्या फटीतून खाली उतरतो, ताकद कमी होते, तेल वर चढून जळू लागते आणि मागून निळसर धूर निघतो. मग दर काही दिवसांनी तेलाची पातळी भरावी लागते आणि ‘गाडी ऑईल खाते’ ही तक्रार कायमची पदरी येते.

या सूक्ष्म कामाचा आवाका मोठा आहे. सरासरी ताशी ४० किलोमीटर वेगाने हजार किलोमीटर कापण्यास २५ तास लागतात. मिनिटाला सरासरी २००० फेरे धरले, तर तेवढ्या वेळात इंजिन ३० लाख वेळा फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर व एकदा खाली जातो. सिलिंडरची भिंत कशी घडावी, याचा निर्णय या ३० लाख फेऱ्यांत, त्यातही बराचसा पहिल्या काही शे किलोमीटरांत होऊन जातो.

दोन टोकांच्या दोन चुका

पहिली चूक अतिघाईची. नव्या इंजिनावर पूर्ण भार घालून, एक्सलेटर तळापर्यंत दाबून चढ चढवला, तर जे उंचवटे हळूहळू झिजायचे ते एकदम घासले जातात. तेथे उष्णता साठते, तेलाचा पातळ थर तुटतो, आणि धातू धातूला ओरबाडतो. अशी ओरखड पुन्हा भरून येत नाही.

दुसरी चूक अतिकाळजीची. ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. नवी गाडी आहे म्हणून ती ताशी तीस किलोमीटरच्या पुढे न्यायचीच नाही, वरच्या गिअरमध्ये कण्हत कण्हत चालवायची, किंवा सकाळी अर्धा तास दारात नुसती चालू ठेवायची, ही पद्धतही इंजिनास मानवत नाही. रिंग भिंतीवर दाबली जाते ती केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे. जळत्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. इंजिनावर भारच नसला तर हा दाब अपुरा पडतो आणि रिंग भिंतीवरून नुसती घसरत राहते. भिंतीवर जळक्या तेलाचा काचेसारखा चकचकीत थर चढतो, खाचा बुजतात आणि जुळणीची क्रिया अर्धवट थांबते. डिझेल इंजिनाच्या बाबतीत हा धोका विशेष असतो.

सारांश, नव्या इंजिनास उपवासही नको आणि जेवणावळही नको. त्यास मध्यम भार हवा, वेगात बदल हवा आणि मधूनमधून विसावा हवा.

काय करावे

सर्वांत आधी वाहनासोबत आलेली पुस्तिका उघडावी. बहुतेक घरांत ती विम्याच्या कागदांबरोबर कपाटात जाते आणि गाडी विकताना बाहेर निघते. मोटारसायकल, मोटार आणि मालवाहू गाडी यांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात. बहुतांश मोटारी व दुचाकींसाठी पहिले हजार किलोमीटर सांभाळण्याचे सांगितलेले असते. काही वाहनांस त्याहून अधिक लागतात. पुस्तिकेतील आकडा हाच अंतिम मानावा. खालील नियम मात्र जवळजवळ सर्वांना लागू पडतात.

सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धा ते एक मिनिट थांबावे, म्हणजे तेल सर्वत्र पोहोचते. त्यानंतर गाडी उभी ठेवून तापवण्यापेक्षा सावकाश चालवतच तापू द्यावी. इंजिन गार असताना जोराने रेस करू नये.

एकाच वेगाने मैलोन्‌मैल जाऊ नये. महामार्ग मोकळा असला की पाय एका जागी स्थिर होतो, आणि नेमके तेच टाळायचे असते. काही मिनिटे थोडा वेग वाढवावा, मग एक्सलेटरवरून पाय उचलून गाडीस स्वतःहून मंद होऊ द्यावे, पुन्हा हळूच वाढवावा. वेग वाढताना रिंग भिंतीवर दाबली जाते. पाय उचलल्यावर त्या जागेस तेल मिळते आणि ती थंड होते.

एक्सलेटर पूर्ण दाबू नये. चढावर गाडी अडखळू लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर इंजिनाला ओढायला लावणे हे त्यास जोराने पळवण्याइतकेच अपायकारक आहे.

पहिल्या हजार किलोमीटरांत पूर्ण क्षमतेचा माल भरू नये, मागे काही ओढू नये. ठरलेल्या क्षमतेपेक्षा अधिक माल तर केव्हाच भरू नये. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. इंजिन जो दंड वसूल करते त्याची पावती मात्र मिळत नाही.

तेलाची पातळी आठवड्यातून दोनदा, सपाट जागी आणि इंजिन बंद करून काही मिनिटांनी, काडी काढून पाहावी. सुरुवातीस थोडे तेल खर्ची पडणे अस्वाभाविक नाही, पण पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नये.

पहिली सर्व्हिसिंग चुकवू नये. झिजलेल्या उंचवट्यांचे धातूचे कण तेलात उतरतात आणि गाळणीत अडकतात. ज्या वाहनांत पहिल्या सर्व्हिसिंगला तेल व गाळणी बदलण्यास सांगितलेले असते, तेथे दिवस पुढे ढकलणे म्हणजे ते कण पुन्हा पुन्हा इंजिनात फिरवणे होय. याउलट पुस्तिकेत सांगितलेले नसता, ओळखीच्या कोणी सुचवले म्हणून दोनशे किलोमीटरवरच तेल काढून टाकू नये किंवा दुसऱ्या प्रतीचे महाग तेल घालू नये. काही कंपन्या पहिल्या भरणीचे तेल मुद्दाम वेगळ्या गुणाचे देतात.

घाट, ब्रेक आणि टायर

इंजिनाची चर्चा सर्वजण करतात. नव्या गाडीत त्याहून निकडीच्या दोन गोष्टी असतात, ब्रेक आणि टायर.

नव्या ब्रेकचे अस्तर डिस्कवर वा ड्रमवर पूर्णपणे टेकत नाही. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत ते हळूहळू बसते, तोवर गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते. नव्या टायरवर साच्यातून सुटताना राहिलेला निसरडा लेप असतो. तो पहिल्या शेदीडशे किलोमीटरांत घासून जातो, तोवर ओल्या रस्त्यावर आणि वळणावर पकड कमी असते. म्हणजे ज्या दिवशी गाडी सर्वांत चकचकीत दिसते, त्याच दिवशी ती थांबण्यात सर्वांत कच्ची असते.

विसरवाडीकरांसाठी ही बाब पुस्तकी नाही. धुळ्याकडून माल घेऊन येणारी गाडी कोंडाईबारीचा घाट उतरून गावात येते. या घाटातील अपघातांच्या बातम्या या भागातील लोकांनी अनेकदा वाचल्या आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये येथे सुरतेकडे निघालेली एक खासगी प्रवासी बस दरीत कोसळून माणसे दगावली. भरलेली नवी गाडी, न बसलेले ब्रेक आणि उतार ही तिन्ही एकत्र येऊ देणे ही हौस नव्हे, निष्काळजीपणा आहे. म्हणून पहिल्या तीनशे किलोमीटरांत घाट टाळावा. टाळता येत नसेल तर गाडी रिकामी किंवा अगदी हलकी असावी.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय अनेक जुन्या चालकांना असते. ती नव्या गाडीतच नव्हे, कोणत्याही गाडीत जीवघेणी आहे. गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीस इंजिनच रोखून धरते आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत. विशेष म्हणजे इंजिनाच्या जुळणीसही हेच उतरणे उपकारक ठरते.

घाट चढून वर आल्यावर टर्बो असलेले इंजिन लगेच बंद करू नये. अर्धे-एक मिनिट शांत चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहते. चाकांचे नट पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर योग्य जोराने तपासून घ्यावेत. नव्या मालवाहू गाडीत ते किंचित ढिले पडू शकतात.

महिन्याचे नियोजन

व्यापारी घरास गाडी महिनाभर उभी ठेवणे परवडत नाही आणि तशी गरजही नाही. थोडे नियोजन केले तर धंदाही चालतो आणि इंजिनही घडते. पहिले तीन-चार दिवस विसरवाडी ते नवापूर आणि विसरवाडी ते खांडबारा अशा रिकाम्या किंवा हलक्या फेऱ्या कराव्यात. गावे, वळणे, गतिरोधक यांमुळे या रस्त्यांवर वेग आपोआप बदलत राहतो. त्यानंतर आठवडे बाजाराचा हलका माल, म्हणजे कापड, प्लॅस्टिकची भांडी, बिस्किटांचे खोके, निम्म्या भाराने न्यावा. सिमेंट, लोखंड, खत, धान्याची पोती यांसाठी दोन-तीन आठवडे भाड्याची गाडी लावावी किंवा एका फेरीचा माल दोन फेऱ्यांत आणावा. हजार किलोमीटर पूर्ण होऊन पहिली सर्व्हिसिंग झाली की मगच टप्प्याटप्प्याने पूर्ण भार द्यावा.

या दोन-तीन आठवड्यांच्या भाड्याचा खर्च वहीत स्पष्ट दिसतो, म्हणून तो टोचतो. वेळेआधी इंजिन उघडावे लागले तर रिंगा, बोअर, मजुरी आणि गाडी गॅरेजात उभी राहिलेले दिवस यांचा खर्च पुढे कधीतरी वेगळ्या नावाने लिहिला जातो, म्हणून तो पहिल्या घाईशी कोणी जोडत नाही. चांगला व्यापारी आजची बचत आणि उद्याचे नुकसान एकाच पानावर मांडून पाहतो.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर अनेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते. ती स्वच्छ होण्यासाठी इंजिन मधूनमधून पुरेसे तापावे लागते. सतत दोन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या झाल्या तर ती तुंबते आणि समोर दिवा लागतो. अशा गाडीस आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग चालवावे. अलीकडे विजेवरच्या मालवाहू गाड्याही दिसू लागल्या आहेत. त्यांत इंजिन नसल्याने ही जुळणी नाही, परंतु ब्रेक आणि टायर यांचा नियम त्यांनाही तितकाच लागू आहे.

पूर्वजांची चाके

मोटारीच्या धंद्याशी जैन समाजाचे नाते केवळ ग्राहकाचे नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट व पद्मिनी मोटारी घरोघर पोहोचल्या. अहमदनगरच्या नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये जर्मनीतील कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो उभी केली. त्या तीनचाकी गाडीचे नाव मराठीत असे रुजले की आज कोणत्याही छोट्या मालगाडीस लोक ‘टेम्पो’च म्हणतात. त्यांचे बंधू हस्तिमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना बाजारात आणली, आणि मध्यमवर्गाच्या दारी पहिले इंजिन आले.

त्या काळी धातूचे काम आजच्याइतके काटेकोर नव्हते, म्हणून नवे इंजिन सांभाळण्याचा काळही मोठा असे. इंग्लंडात नव्या मोटारीच्या मागे ‘रनिंग इन’ अशी पाटी लावण्याची रीत होती, म्हणजे मागच्याने भोंगा न वाजवता पुढे निघून जावे. आजच्या यंत्रांनी हा काळ पुष्कळ कमी केला आहे, पण शून्यावर आणलेला नाही. पाटी गेली तरी समजूत राहायला हवी.

किल्ली ज्याच्या हाती

शेवटची गोष्ट यंत्राची नाही. या भागातील दुकानांच्या गाड्या बहुधा आसपासच्या पाड्यांवरचे तरुण चालवतात. गाडी कशी चालवावी हे त्यांना सांगितले जाते ते एकाच वाक्यात, की सांभाळून चालव. त्याच तोंडाने, घाटाच्या पायथ्याशी असताना फोनवर विचारले जाते की अजून कसा आला नाही. दोन वर्षांनी गाडी धूर ओकू लागली की दोष चालकाच्या माथी येतो. पहिल्याच आठवड्यात पूर्ण भार भरण्याचा हुकूम गादीवरून सुटला होता, हे तोवर कोणास आठवत नाही.

म्हणून किल्ली देतानाच चालकास शेजारी बसवून पुस्तिकेतील पान समजावून द्यावे, कारणासह द्यावे. हजार किलोमीटर होईपर्यंत उशिराबद्दल विचारणा होणार नाही, असे मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि ते पाळावे. जास्त माल भरण्यास चालकाने नकार दिला तर तो उद्धटपणा नव्हे, ती राखण आहे, हे घरातील तरुणांनाही कळावे. ज्या माणसास कारण माहीत असते तो पाठीमागेही तसाच वागतो. ज्यास केवळ हुकूम माहीत असतो तो मालकाच्या नजरेपुरताच वागतो.

हजार किलोमीटर भरतील त्या दिवशी किलोमीटरचा आकडा, तारीख आणि तेलाची पातळी वहीत लिहून ठेवावी. चालकाचे नावही लिहावे. गाडी पुढे दहा-बारा वर्षे बिनतक्रार चालली तर त्या श्रेयाची पहिली नोंद त्याच पानावर असेल.